देवाच्या घोडीचा लाडू

"पण बाबा, यात वाईट काय आहे, तेवढं तरी सांगा!"

दौलतचा आवाज आमच्या न्हाणीपर्यंत आला. मी तांब्या खाली ठेवला आणि खिडकीशी गेले. आमच्या न्हाणीच्या खिडकीतून पागा सरळ दिसते, त्याला मी काय करू?

पागा म्हणजे आमच्या गावच्या खंडोबाची घोडी बांधतात ती जागा. घोडीचं नाव चिमणी. नाव चिमणी, पण उभी राहिली की दार भरून जातं. चंपाषष्ठीला देवाची स्वारी तिच्याच पाठीवरून निघते. तिचं सगळं बघतात दस्तगीरबाबा. त्यांच्या आधी त्यांचे वडील बघत, त्यांच्या आधी आजोबा. देव आमचा, घोडी देवाची आणि लगाम बाबांच्या घरात, असं इथं पूर्वीपासून चालत आलंय. त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

आणि दौलत म्हणजे दौलत आचारी. आसपासच्या गावांतलं लग्न त्याच्या हाताशिवाय पार पडत नाही. "एवढ्या पंगती उठवल्या, पण मीठ कमी पडलं की जास्त झालं, हे मला आजवर एकानं ऐकवलेलं नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायकासुद्धा त्याला 'अहो आचारी' अशीच हाक मारतात.

एकटे बाबा तेवढे 'दौलत' म्हणायचे. ते त्याला लागायचं. मला दिसायचं ना.

गेल्या वर्षी त्याची वैजू तापानं दवाखान्यात पडली होती. आज आहे, उद्या नाही, अशी गत. तेव्हा दौलत खंडोबाला नवस बोलला. पोर घरी आली तर वर्षभर तुझ्या घोडीची चाकरी करीन आणि चंपाषष्ठीला माझ्या हातचा लाडू तिला भरवीन.

पोर घरी आली. आता दोरीवरच्या उड्या मारते.

दौलतनं वर्षभर पागा झाडली, लीद काढली, चिमणीला खरारा केला. बाबांना गुरू मानायचा. पण ऐकायचा कमी, ऐकवायचा जास्त. लाडवाचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "लाडू नको." आणि दौलत म्हणायचा, "बाबा, तुम्ही अजून माझा लाडू खाल्ला नाही, म्हणून असं म्हणता."

तर आज चंपाषष्ठी होती. दौलत नवं धोतर नेसून, हातात स्टीलचा डबा घेऊन पागेत उभा. डब्याचं झाकण उघडं.

"वाईट काही नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

"काय काय घातलंस?"

दौलतची छाती वर आली. "बाजरीचं पीठ. भाजलेलं वांगं. कांद्याची पात. लसूण. गूळ, तूप. वरून जायफळ किसलं. आजचा देवाचा नैवेद्य काय असतो? भरीत आणि रोडगा. मी फक्त त्याचा लाडू वळला."

"कुणासाठी?"

"कुणासाठी काय, चिमणीसाठी! देवाची घोडी, देवाचा नैवेद्य. देवाला चालतं ते तिला का नाही चालणार?"

बाबांनी त्याच्या हातातून डबा घेतला. झाकण घट्ट लावलं. भिंतीतल्या उंच कोनाड्यात ठेवून दिला.

"देव खात नाही, दौलत. ती खाते."

दौलत काही बोलणार होता. पण बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते.

ते गव्हाणीकडे बघत होते. सकाळची वैरण जशीच्या तशी होती.

चिमणीनं मान वळवली. स्वतःच्या पोटाकडे बघितलं. पुढचा एक पाय जमिनीवर आपटला. परत मान वळवली.

बाबा तिच्या तोंडाशी गेले. तिचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या. वास घेतला.

"हिनं वैरण का टाकली?"

दौलत धोतराचा सोगा नीट करायला लागला.

"दौलत."

"थंडी पडलीय ना... त्यानं असेल."

बाबांनी तिच्या कुशीला कान लावला. ऐकत राहिले. मग तसेच, कान न काढता बोलले, अगदी हळू. मला ऐकू आलं ते केवळ मी श्वास धरून उभी होते म्हणून.

"माणूस नको ते खातो. ओकतो. मोकळा होतो. घोड्याला देवानं ती सोय ठेवलेली नाही. आत गेलं ते गेलं. हिला ओकता येत नाही."

...

"तुला येतं."

दौलत तिथंच, झाडलेल्या जमिनीवर, नव्या धोतरासकट बसला.

"दिले, बाबा... पहाटे. तुम्ही नमाजाला गेला होतात तेव्हा. देवापुढचं ताट होतं, त्यातले सगळे दिले. तिनं खाल्ले बाबा, आवडीनं खाल्ले! गुळाचा वास होता ना... मला वाटलं, झाला नवस. तुम्हाला डबा दाखवून मग सांगणार होतो."

मला वाटलं, आता बाबा त्याच्या थोबाडीत देणार. मी असते तर दिलीच असती.

बाबांनी चिमणीची दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली.

"ऊठ. हिला हळूहळू फिरव. लोळू देऊ नकोस." मग आमच्या खिडकीकडे न बघताच म्हणाले, "कलाबाई, ऐकलंच आहे सगळं, तर आता डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

मी लावला. आमच्याकडे जनावरांच्या डॉक्टर म्हणजे शेंडगे मॅडम. त्यांनी विचारलं, काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं, हिरड्यांचा रंग कसा आहे. मी खिडकीतून विचारायची, बाबा सांगायचे, मी पुढे सांगायची. कांद्याचं नाव ऐकून मॅडमनी परत विचारलं, "कांदा?"

"निघाले. खायला काही देऊ नका. पाणी पुढ्यात असू द्या. आणि लीद टाकते का, त्याच्यावर डोळा ठेवा."

एवढं झाल्यावर मी खिडकीत कशी थांबणार? पदर खोचला आणि खाली आले.

पागेसमोर आमची आळी सरळ आहे. एका टोकाला वड, दुसऱ्या टोकाला हौद. दौलत चिमणीला घेऊन वडापर्यंत जायचा, वळायचा, हौदापर्यंत यायचा. बाबा तिच्या पोटाच्या बाजूनं चालायचे, तळवा तिच्या कुशीवर ठेवून. चिमणी मध्येच थांबायची, गुडघे दुमडायला बघायची. बाबा जीभ टाळ्याला लावून 'टक टक' करायचे. ती परत चालायची.

"बाबा, हिला काही झालं तर?"

"चाल."

"नवस उलटला तर? माझी वैजू..."

"चाल, दौलत."

वडाशी वळताना बाबा म्हणाले, "नवस बोललास तू. पोट हिचं पणाला लावलंस."

दौलत रडायला लागला. चाळिशी उलटलेला, मिशा असलेला माणूस. डोळे पुसायचा, परत तोच हात दोरीला लावायचा. आळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. भाकरीच्या पिठाचे हात तसेच. आज सगळ्यांच्या घरी भरीत शिजत होतं, लसणीचा वास आळीभर भरला होता. एरवी त्या वासानं तोंडाला पाणी सुटतं. आज मला नको झालं.

खूप फेऱ्या झाल्या. मग दौलतनं नाक ओढलं आणि खालच्या आवाजात विचारलं.

"मग हिला चालतं तरी काय?"

"वर्षभर पागेत आलास. ती काय खाते, बघितलंस?"

"गवत. कडबा. भिजवलेले हरभरे, मूठभर."

"ते जेवण."

"मी खाऊ विचारतोय."

"गाजर."

"हलवा करून?"

"गाजर."

"निदान साखर..."

"गाजर, दौलत."

दौलत दहा पावलं चालला. मग राहवलं नाही. "चकत्या करून तरी घालू ना?"

बाबा थांबले. चिमणीही थांबली.

"चकती घशात बसते. उभं चिरायचं. लांब, बोटासारखं." त्यांनी आपलं बोट दाखवलं. काळं, वाकडं, पेरं सुजलेलं.

"बोटासारखं," दौलत म्हणाला.

"सफरचंद चालेल. बिया काढून, लहान फोडी."

"काजू? बदाम?"

"लग्न आहे तिचं?"

दारातली एक बाई फिस्सकन हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले. पण खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं.

"खवा, दूध?"

"शिंगरू आहे ती?"

"शिळी पोळी, पाव?"

"आत फुगतो."

"जायफळ नुसतं वासापुरतं..."

"नको. तो वास तुझ्या पाहुण्यांना."

"गूळ?"

बाबांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "एवढा. कधीतरी. आता म्हातारी झालीय, गोड तिच्या खुरांत उतरतं."

दौलत हौदापर्यंत तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत गेला. आचारीच तो, त्याचं डोकं बंद पडेल कसं?

"बाबा, गव्हाचा कोंडा घेतला... पाण्यात चांगला भिजवला... त्यात गाजर किसून... आणि नखाएवढा गूळ. तर?"

बाबांनी विचार केला. मी पहिल्यांदाच त्यांना दौलतच्या बोलण्यावर विचार करताना बघितलं.

"ओला असला तर. मऊ असला तर. कोरडा गोळा घशात अडकतो."

"ओलाच करीन."

"आणि आधी हात धुवायचे. लसणीचे हात."

"धुवीन, बाबा."

"आज नाही."

"आज नाही," दौलत म्हणाला.

तेवढ्यात देवळातून गुरव आला. खांद्यावर चिमणीची लाल झूल, हातात घुंगरांचा पट्टा.

"बाबा, स्वारीची वेळ झाली. हिला सजवायची ना?"

"घोडी येत नाही."

"म्हणजे? अहो बाबा, लोक जमलेत! मग देव कसा निघणार?"

बाबांनी चिमणीच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

"देवाला म्हणावं, आज तू चाल."

गुरवानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं दौलतचं तोंड बघितलं, चिमणीचं पोट बघितलं, आणि झूल तशीच खांद्यावर टाकून परत गेला. त्या दिवशी देव पालखीत बसून, माणसांच्या खांद्यावरून निघाला. पुढे काही आभाळ कोसळलं नाही.

मॅडम आल्या तेव्हा उन्हं कलली होती. मोटारसायकलवरून उतरल्या त्या सरळ चिमणीच्या पोटाशी. कानाला नळी लावून इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. आम्ही सगळ्या जणी श्वास रोखून उभ्या.

"पोट बोलतंय," त्या म्हणाल्या. "थोडं, पण बोलतंय."

त्यांनी इंजेक्शन दिलं. बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की कांदा रक्तावर जातो, तेव्हा चार-आठ दिवस हिच्या लघवीचा रंग बघत राहा, लाल-काळा दिसला की लगेच कळवा. तो रंग शेवटपर्यंत नीट राहिला. हे मी आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमच्या जिवाला घोर नको.

"वेळेवर सांगितलंत हे बरं झालं," मॅडम दौलतला म्हणाल्या. "लोक लपवतात. मग आम्ही अंधारात चाचपडतो."

दौलतनं मान खाली घातली.

"आता?" मी विचारलं.

"आता लिदेची वाट बघायची. ती पडली की निम्मी काळजी गेली."

मग आम्ही वाट बघत बसलो. काय सांगू तुम्हाला! तिकडं देवळात हलगी वाजत होती, भंडारा उधळला जात होता, आणि आमची सगळी आळी चिमणीच्या शेपटीकडे बघत बसली होती. शेपूट जरा हलली की कुणीतरी म्हणायचं, "आली, आली." मग माशीच असायची.

दौलत चालत होता. बाबा आता दमले होते, पागेच्या दगडावर टेकले होते. दौलत एकटाच. वड, हौद. हौद, वड. त्याची टोपी कुठंतरी पडली होती. धोतराचा रंग ओळखू येत नव्हता. तो चिमणीशी बोलत होता. काय ते ऐकायला मी मुद्दाम हौदाशी जाऊन उभी राहिले.

"उभं चिरीन हां... बोटासारखं... बिया काढीन... हात धुवीन..."

चिमणी वडाखाली थांबली.

तिनं मागचे पाय जरा फाकवले. शेपूट उचलली.

आळीत आवाज नाही.

...

पडली.

एक, मग दोन, मग भदाभद ढीगच. गोल गोल, ओली, वाफाळलेली.

"येळकोट येळकोट!" कुठल्या तरी म्हातारीनं आरोळी ठोकली. तिच्या कनवटीला भंडारा होताच, तो तिनं मूठभर उधळला. अर्धा चिमणीवर, अर्धा लिदेवर. बायका हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. माझं तर काय झालं मला कळेना. मी शेजारणीच्या गळ्यात पडले, जिच्याशी माझं दिवाळीपासून बोलणं नव्हतं.

मॅडमनी वाकून लीद बघितली, बूट पुसला आणि मोटारसायकलला किक मारली. "उद्या सकाळी मऊ गवत, थोडं थोडं. मी फोन करते," म्हणाल्या.

चिमणीनं अंग झटकलं. फुरफुरली. पोटाकडे बघणं थांबलं होतं.

दौलत मात्र उभाच. तो लिदेकडे बघत होता. वर्षभर फावड्यानं नाक दाबून उचलली होती, तीच. त्यानं वाकून दोन्ही हात जोडले.

बाबा उठून त्याच्याजवळ आले. कोनाड्यातला डबा बरोबर आणला होता. त्याच्या हातात दिला.

"हा देवळात नेऊन दे. लोक वाटून खातील. चांगला झाला असेल."

"तुम्ही खाणार?"

"दे एक."

बाबांनी लाडू खाल्ला. सगळा. बोटं चाटली. काही बोलले नाहीत.

दौलतनं उरलेला डबा माझ्याकडे दिला, "वहिनी, तुम्हीच द्या, मला आज देवळात जायचं तोंड नाही," म्हणाला. मी हौदावर त्याच्या हातावर पाणी ओतलं. त्यानं लसूण जाईपर्यंत हात घासले. मग परत चिमणीची दोरी धरून चालायला लागला. खरं म्हणजे आता गरज नव्हती. पण बाबा थांबवत नव्हते आणि तो थांबत नव्हता. हलगीचा आवाज लांब गेला. त्याच्या कपाळावरचा घाम मानेवर, मानेवरचा दंडावर, दंडावरचा तळव्यात उतरत होता. मधूनच तो त्या तळव्यानं डोळे पुसत होता.

शेवटी पागेच्या दाराशी आला.

"बाबा, घोडी वाचली. देवाची कृपा."

"हं."

"पण नवस? आज चंपाषष्ठी. माझ्या हातचं तिला द्यायचं, असं बोललो होतो. खायला तर काही द्यायचं नाही. मग माझ्या वैजूचं..."

त्यानं रिकामा हात पुढे केला. काही मागायला नाही. आपल्याकडे काही नाही, हे दाखवायला.

चिमणीनं मान खाली आणली.

आधी तळव्याचा वास घेतला. नाकपुड्या फुलल्या. मग जीभ बाहेर काढली आणि तळवा चाटायला लागली. तळवा, बोटं, बोटांच्या बेचक्या, मनगट. सावकाश, निगुतीनं. पंगतीत शेवटी कुणी पान चाटून पुसून स्वच्छ करतं, तशी.

दौलत हलला नाही. त्याचे डोळे वाहत होते आणि ओठ हसत होते.

"बाबा... ही काय खातेय? माझ्या हातात तर काहीच नाही..."

बाबांनी त्याच्या दुसऱ्या हातातून दोरी काढून घेतली. चिमणीचं चाटून होईपर्यंत थांबले. मग तिला आत नेता नेता, दारातून वळून म्हणाले,

"मीठ जरा जास्त झालंय, आचारी."